लाल म्हणजे बाहेर

१

थंडी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. पस्तीस वर्षं जंगल खात्यात काढली. नाकेदार, म्हणजे वनरक्षक, म्हणून लागलो, वनपाल होऊन घरी आलो. पौषातल्या पहाटे नाल्याच्या काठाला लाकूडचोरांची वाट पाहत बसलेला माणूस मी. आणि आता आमची रुची कॅनडात बसून मोबाइलवर मला सांगणार, की बाबा, आतून एक गरम बनियन, त्यावर लोकरीचं, त्यावर जॅकेट. बाप्पा! कपडे कसे घालायचे हेही आता पोरीकडून शिकायचं.

झालं असं, की पोरीनं आणि जावयानं आम्हा दोघांचं अंटार्क्टिकाच्या बोटीचं तिकीट काढलं होतं. आमच्या गावापासून, सौंदडपासून, परत सौंदडपर्यंत बावीस दिवस. रोज मोठ्या बोटीवरून रबरी होडीत उतरायचं, होडीतून बर्फावर जायचं, पेंग्विन बघायचे, सील बघायचे, आणि परत बोटीवर. वरवर मी भरपूर कुरकुर केली. जावयाच्या जिवावर फिरायचं म्हणजे काय, या वयात हे कसले थेर, सगळं बोलून घेतलं. आतून मात्र हरखलो होतो. आयुष्यभर जनावरं मोजली मी. पाणवठ्यावरची मोजली, तलावावरचे पक्षी मोजले, सारस तर दरवर्षी. सगळं दुसऱ्याच्या तक्त्यात भरायला. एकदा तरी नुसतं बघायला म्हणून कुठंतरी जावं, हे मला फार हवं होतं. इतकं, की सांगायची लाज वाटायची.

सुशिलेला, म्हणजे माझ्या बायकोला, काय हवं होतं ते मी विचारलं नाही. तिला कुठं काय कळतं, ती येईल मागून, असं माझं साधं गणित होतं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी रुचीनं पाटीची गोष्ट सांगितली. "बाबा, बोटीच्या दारात एक मोठी पाटी असते. त्यावर प्रत्येकाचा नंबर. खाली उतरताना आपला नंबर लाल करायचा, परत आलो की हिरवा. लाल म्हणजे बाहेर. एक जरी लाल राहिला तरी बोट हालत नाही. आणि दुसऱ्याच्या नंबराला हात लावायचा नाही हं. बायकोच्याही नाही."

"अन कोनी भुललं तं?" सुशिलेनं विचारलं.

"मग सगळे शोधत बसतात, आई."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. "चाय थंडी होऊन राहिली तुमची," सुशिला म्हणाली. मला तो चहा गेलाच नाही. थोड्या वेळानं मी उठून तो मोरीत ओतला.

२

सुशिलेच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की संपलं. दुसऱ्या दिवशी तिनं साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन चौकोन कापले. एका अंगाला फाटकाचा उरलेला हिरवा रंग, दुसऱ्या अंगाला लाल. एकावर 'के', म्हणजे केशोराव, एकावर 'सु'. पुढच्या दाराशी दोन खिळे ठोकून दोऱ्यानं टांगून दिले. सवय झाली पाहिजे म्हणे.

"तुले कायले पाहिजे ही नसती उठाठेव?" मी म्हणालो.

"तुमी भुलले तं तेथंच राहाल, बरफात," ती म्हणाली.

पण सवय लागली. दूध आणायला निघालो की लाल. आलो की हिरवा. शेजारचे हसायचे, हसू द्या. आठ दिवसांत हात आपोआप खिळ्याकडे जायला लागला.

मग एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास मी बैठकीत पेपर वाचत होतो. सहज वर पाहिलं. माझा चौकोन लाल होता. मी तर उठलोही नव्हतो. वारा असेल म्हटलं, पुठ्ठाच तो, फिरला असेल. उठून हिरवा केला. दुपारी पुन्हा लाल. शेजारच्या खिळ्यावर सुशिलेचा चौकोन हिरवाच्या हिरवा. एकच दार, एकच वारा, तोच पुठ्ठा. हे मला खटकलं, पण खटकलं एवढंच.

चार वाजता चहा आला नाही. साडेचारलाही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या अंगावर ओरडलो.

"मी समजली तुमी बाहेर आहा," ती म्हणाली.

"अवो, समोर बसून आहो ना मी! डोळे फुटले का?"

"पाटी लाल होती जी." आणि ती हसली. मीही हसलो. चहा मात्र मला मागून घ्यावा लागला.

३

डिसेंबर लागला. रुचीनं कुरियरनं दोन निळी जॅकेटं पाठवली. गोंदियाच्या बाजारातून मी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले आणि ते घालून अंगणात फेऱ्या मारायला लागलो. बोटवाल्यांचा एक कागद आला होता. त्यात लिहिलं होतं, कपड्यात, बुटात, खिशात माती नको, बी नको, पानाचा तुकडा नको. तिकडच्या जमिनीवर बाहेरचं काही पडू द्यायचं नाही. सुशिला सेफ्टी पिन घेऊन जॅकेटांचे खिसे उकरत बसायची. आमच्या घरात धानाचा कण कुठं नसतो? तिच्या जॅकेटात धानाचा कोंडा निघाला. माझ्या खिशात बांबूची सुकी पानं निघाली.

"हे कुठून आनलं तुमी?"

"मी कायले आनू? जॅकेट खुंटीवरून काढलंच नाही मी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लांब, टोकदार, पिवळी पडलेली पानं, मूठभर. आमच्या गल्लीत बांबूचं एक झाड नाही. मी ती पानं चुलीत टाकली आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं.

त्या आठवड्यात मी नवेगाव बांधच्या तलावावर गेलो. ओळखीच्या एका ढिवराच्या, मासेमाराच्या, नावेत चढायचा-उतरायचा सराव करायचा होता. बोटीवर मनगटाला मनगट धरून चढवतात म्हणे. जाताना माझा चौकोन मी स्वतः लाल केला. सुशिला बघत होती. तलावावर दोन तास घालवले, पाणकोंबड्या पाहिल्या, गुडघे दुखले, दोनच्या सुमारास परत आलो. भुकेनं जीव चालला होता. दारात पाय ठेवला आणि पाहिलं, माझा चौकोन हिरवा.

सुशिला ओट्याशी दोन ताटं पुसत होती.

"वाढ," मी म्हणालो.

"आता तं जेवले."

"कोन?"

"तुमी. अन कोन?" ती माझ्याकडे न बघताच बोलली. चेहरा इतका हसरा, की मी असा कधी पाहिला नव्हता. "भाजी चांगली झाली म्हनलं. मले म्हनलं, तू जेवली का? मी तं ऐकतच राहिली."

असं मी काहीही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीच नाही, लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यात कधी म्हटल्याचं आठवत नाही. मी स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला. पातेल्यात खरडण्यापुरताच होता.

खाताना मी विचार करत राहिलो. वय झालं, डोकं विसरायला लागलं असेल. माझ्या काकांचं तसंच झालं होतं, स्वतःच्या पोराला ओळखत नव्हते. पण डोकं विसरेल, पोट कसं विसरेल? जेवलेल्या माणसाला अशी भूक लागते का? रुचीला कळवावं तर ती प्रवास रद्द करेल. म्हणून मी गप्प राहिलो. चूक केली.

४

मी ठरवलं, नजर ठेवायची. माणसं पकडायचाच धंदा केला आयुष्यभर, एका पुठ्ठ्याला काय घाबरायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी खुर्ची उचलली, पाटीसमोर तीन हातांवर मांडली आणि बसलो. दार बंद केलं. खिडक्या बंद केल्या. पंखा बंद. चौकोन हिरवा. दोरा हालत नव्हता.

बराच वेळ गेला. स्टेशनावरून मालगाडी गेली, तिचे डबे मी उगीच मोजले. चौकोन हिरवाच. मला हायसं वाटायला लागलं. वाराच होता तर.

मग सुशिला स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. माझ्या खुर्चीला वळसा घालून गेली. वळसा घातला तिनं, हे नीट ऐका. धडकली नाही. पाटीपाशी थांबली, माझा चौकोन दोन बोटांनी धरला आणि लाल केला.

"अवो, हे काय करून राहिली? मी इथं बसलो आहे!"

तिनं दोरा सरळ केला, आणि परत गेली.

मी उठून चौकोन हिरवा केला. ती आली, लाल करून गेली. मी हिरवा केला, ती आली. चौथ्या वेळी मी तिच्या खांद्याला धरून हलवलं. तिनं खांदा खाजवला. माशी बसल्यावर खाजवतो तसा. मग मागच्या अंगणाचं दार वाजलं, आणि ती तिकडं बघून म्हणाली, "या. हात धुवून घ्या."

मी खुर्चीत बसलो. रबरी बुटांचा आवाज आला, एक पाय टाकलेला, एक ओढलेला. माझे बूट दाराशी असायचे. मी पाहिलं, तिथं नव्हते.

५

एक सांगायचं राहिलं. सांगायचं नव्हतंच, पण आता काय.

मी नवा नाकेदार होतो तेव्हाचं. बांबूकटाईला आमच्याकडं बावीस मजूर होते. त्यांची एक रीत होती. सकाळी जंगलात शिरताना प्रत्येकानं मोहाच्या झाडाखालच्या खडकावर आपला एक दगड ठेवायचा. संध्याकाळी परत आला की आपला दगड उचलून टाकायचा. खडकावर एक जरी दगड उरला, तर कोणी घरी जायचं नाही, सगळ्यांनी मागं फिरायचं. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. बाप असो, भाऊ असो.

एका संध्याकाळी सगळे नाल्यावर हातपाय धुवायला गेले होते आणि मी खडकापाशी एकटा होतो. एक दगड उरला होता. चैतराम उईकेचा, पांढरा, चपटा. म्हणजे आता एकवीस जणांना घेऊन मागं फिरायचं, हाका मारत बसायचं, दोन-तीन तास कुठं गेले नाहीत. आणि मला सात वाजता मुलगी बघायला जायचं होतं. नवा सदरा शिवून ठेवला होता. म्हटलं, चैतरामची पायाखालची वाट आहे, येईल मागून. मी दगड उचलला आणि झुडपात फेकला. मजूर आले, त्यांनी खडक मोकळा पाहिला, चैतराम पुढं गेला असेल म्हणाले, आणि सगळे घरी गेले.

चौथ्या दिवशी सापडला. बांबूच्या बेटाखाली पाय अडकून पडलेला. मला कोणी काही विचारलं नाही. लगेच गेला असेल बिचारा, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आलो.

त्या संध्याकाळी मी जी मुलगी बघितली, ती सुशिला.

६

स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण घर माझं आहे. मी कायले भिऊ?

माझं निळं जॅकेट घालून कोणीतरी खाली बसलं होतं. पाठ माझ्याकडं. दहा वर्षं झाली, गुडघ्यांमुळे मी खाली बसत नाही, टेबलावर जेवतो. तो मात्र एक पाय मुडपून, एक पाय लांब करून बसला होता. भात कालवणारा हात दिसला. माझाच हात, माझी अंगठी. फक्त नखांखाली माती होती आणि तळव्यावर बांबूनं कापल्यासारखे बारीक उभे व्रण. सुशिला त्याच्यासमोर बसली होती. जेवताना ती माझ्यासमोर कधी बसली नाही. मी बसू दिलं नाही, असंच म्हणा ना.

"तू घे ना," तो म्हणाला. आवाज माझा. "तू उपाशी नको राहू."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. रुचीचा व्हिडिओ. सुशिलेनं मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. मला फक्त त्याच्या मानेची मागची बाजू दिसत होती.

"बाबा!" रुची म्हणाली. "किती छान दिसताय! आणि आज चक्क हसताय?"

"रुची!" मी दारातून ओरडलो. "बेटा, मी इकडं आहे! तो मी नाही!"

"आवाज कसला येतोय मागून?" तिनं विचारलं.

"कायचा नाई," सुशिला म्हणाली. "बाजूवाल्याचा टीव्ही."

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती भाताचं पातेलं पुढं सरकवत होती.

७

निघायचा दिवस उजाडला. सकाळी साडेआठला गावातल्या मनिरामची भाड्याची गाडी दारात लागली, नागपूरच्या विमानतळापर्यंत सोडायला. मी रात्रभर बैठकीतल्या खुर्चीत काढली होती. एका गोष्टीवर माझा भरवसा होता. पासपोर्टवर फोटो माझा आहे. घरात काहीही चालो, विमानतळावर बंदूकवाले शिपाई असतात, ते चेहरा पाहून आत सोडतात. तिथं अडकेलच. अडकला की ती परत येईल, रडेल, आणि मग मी तिला चांगला सुनावीन. खरं सांगतो, तेव्हाही मी हाच विचार करत होतो.

मनिराम बॅगा न्यायला आत आला. तो माझ्या पायावरून बॅग ओढत गेला आणि म्हणाला, "फरशी वर आली का जी तुमची?" जॅकेटवाला पाय ओढत त्याच्यामागून गेला. गाडीत बसताना त्यानं सुशिलेसाठी दार उघडून धरलं. मी धावत उंबऱ्यापर्यंत गेलो. उंबरा ओलांडता येईना. समोर काही आडवं नव्हतं. पाय उचलला, की तो आतल्या बाजूलाच पडायचा. तीनदा केलं, चारदा केलं.

गाडीत बसता बसता सुशिला थांबली. काहीतरी विसरल्यासारखं करून परत आली. एकटीच. आत येऊन तिनं देवघराची खिडकी लावली, गॅसचा कॉक बंद केला, पाण्याच्या टाकीचा नळ बंद केला. मग बैठकीत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सुशिला," मी म्हणालो. "तुले दिसतो मी?"

"दिसते ना."

"ऐकू येते?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलत काऊन नाई?"

"सदतीस वर्स मी बोलली," ती म्हणाली. "तुमी कवा बोलले?"

"अवो, तो कोन आहे माहीत आहे का तुले? तो चैतराम आहे! मेलेला मानूस आहे तो!"

"माहीत आहे. त्यानं सांगतलं." ती अजिबात चिडलेली नव्हती. भाजीवाल्याशी बोलते तशी बोलत होती. "तुमी मले पाहाले आले त्या सांजेले मी पोह्याची प्लेट घेऊन आली होती तुमच्यासमोर. दोनदा चाय मांगतली तुमी. रंग सावळा आहे म्हनलं, मायच्या तोंडावर. तवा तो तिकडं आवाज देऊन राहिला होता. तुमच्याच नावानं. नाकेदार साहेब, नाकेदार साहेब."

"तो लगेच गेला होता. सगळे म्हणाले."

"दोन दिवस अन एक रात्र," ती म्हणाली.

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो मागं घेतला, घाईनं नाही, सावकाश. पदर सारखा केला. बाहेर हॉर्न वाजला आणि माझ्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "सावकाश ये, घाई नको करू."

तिनं चाव्यांचा जुडगा घेतला. दारातून वळून घराकडं एकदा बघितलं, सगळं बंद केलं ना ते.

"सुशिला, बावीस दिवस आहेत," मी म्हणालो. "पाणी बंद केलं तू. मी मरीन."

"लगेच नाई," ती म्हणाली, आणि बाहेरून कुलूप लावलं.